मामांना झालेला नफा

नफा झाला म्हणून संतापणारा माणूस अख्ख्या बंगळुरात एकच आहे आणि तो माझ्या बायकोचा मामा आहे. या शहरात माणसं भेटली की दोन विषयांवर बोलतात, ट्रॅफिक आणि जागांचे भाव. पहिल्यावर चिडायचं आणि दुसऱ्यावर, आपली स्वतःची जागा असली तर, मनातल्या मनात सुखावायचं, अशी इथली रीत आहे. मामांनी ती उलटी करून टाकली. तुमकूर रोडवर तासभर गाडी अडकली तरी ते खिडकीची काच खाली करून शांत बसतात. पण पीण्या या कारखान्यांच्या वस्तीतल्या त्यांच्या शेडच्या जागेला आता चांगला भाव आलाय असं कुणी म्हटलं की त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल होतात. "भाव आला म्हंजे? कुणी आणला? मी आणला का? मग मला कशाला सांगतासा?" असं ते समोरच्याला विचारतात, आणि समोरचा बिचारा अभिनंदन करायला आलेला असतो.

मी पुण्याहून नोकरीसाठी इथे आलो, इथेच लग्न केलं आणि बायकोबरोबर हे मामा मला मिळाले. ते मूळचे निपाणीकडचे. विशीत बंगळुरात आले, दुसऱ्याच्या लेथवर दहा वर्षं राबले आणि मग पीण्यात एक छोटी जागा घेऊन स्वतःचे दोन लेथ टाकले. निपाणीची मराठी त्यांनी तशीच जपली आहे, फक्त तिच्यात 'स्वल्प' म्हणजे जरासं आणि 'सरी' म्हणजे ठीक, हे दोन कन्नड शब्द मिठासारखे पडतात. मी जावई, त्यामुळे त्यांनी मला आजवर कधी एकेरी हाक मारलेली नाही. शिव्यासुद्धा ते मला आदरार्थी बहुवचनात देतात. "जावईबापू, तुमी गाढव हाईसा," हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे की आता ते कानाला आमंत्रणासारखं लागतं.

त्यांच्या शर्टाच्या खिशात पेन नसतं, पोलादी पट्टी असते. राजाजीनगरच्या कोपऱ्यावरच्या हॉटेलात ते डोसा आला की आधी त्याची रुंदी मोजतात. एकदा डोसा गेल्या महिन्यापेक्षा बोटभर लहान भरला आणि दर मात्र पाच रुपयांनी वाढलेला. मामांनी काउंटरवरच्या माणसाला डोशासकट गाठलं. तो बापडा म्हणाला, "अण्णा, सगळंच महागलं." मामा म्हणाले, "महागू दे की! पण मग डोसा मोठा झाला असं म्हणू नको." तो असं कधीच म्हणाला नव्हता. पण मामांचं भांडण समोरच्याच्या बोलण्याशी नसतंच. ते जगात कुठेतरी कुणीतरी चुकीचं माप घेतलंय याच्याशी असतं, आणि जो सापडेल त्याला ते धरतात.

या मापांच्या वेडात त्यांचा एक नियम सगळ्यांच्या वरचा: गरम जॉब मोजायचा नाही. लेथवर जॉब, म्हणजे लोखंडी दांडा, कापला की तो तापतो आणि तापला की केसभर फुगतो. नवशिका कारागीर घाईघाईनं त्याला मायक्रोमीटर लावतो, माप जास्त दिसतं म्हणून आणखी थोडा कापतो, आणि तो गार झाला की मापाला कमी भरतो. मग तो भंगारात जातो. म्हणून मामांच्या शेडमध्ये कापलेला जॉब आधी फळीवर ठेवायचा, गार होऊ द्यायचा, मग मोजायचा. नियम चांगलाच आहे. पण त्यांनी तो शेडमध्ये ठेवला नाही, जन्माला लावला. चहा ते निवल्याशिवाय गोड आहे की नाही सांगत नाहीत. कुणी रागावून बोलायला आलं तर म्हणतात, "आत्ता तुमी गरम हाईसा, उद्या या." हे स्वतः ते इतक्या वरच्या आवाजात म्हणतात की हाच नियम त्यांना लावला असता तर गेल्या चाळीस वर्षांत त्यांच्याशी कुणालाच बोलता आलं नसतं.

आणि हाच नियम त्यांनी मामींच्या घराला लावला. माझा राग इथून सुरू होतो.

मामा-मामी राजाजीनगरमध्ये दुसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहत. तीन खोल्या, तीस वर्षांच्या वर. मूलबाळ नाही. सगळी कमाई शेडमध्ये गेली, त्यामुळे घर घ्यायचं राहून गेलं. घरमालक वाईट नव्हता, पण मालक होता. मसाला कुटायचा तर खाली आवाज जातो, धुणं वाळत घालायचं तर खाली पाणी ठिबकतं, पाहुणे आले तर जिन्यात चपला किती. मामी प्रत्येक गोष्टीला "बरं" म्हणत. त्यांना आयुष्यात एकच गोष्ट हवी होती, तळमजल्यावरचं स्वतःचं घर. मोठं नको, नवं नको. "खाली आणि आपलं," एवढीच त्यांची अट.

बारा वर्षांपूर्वी ते घर जवळजवळ मिळालं होतं. पलीकडच्याच गल्लीत, तळमजला, तीन खोल्या, परसात कढीपत्त्याचं झाड. मामी रोज भाजीला जाताना वाट वाकडी करून ते पाहून येत. त्याच सुमारास पीण्यातल्या जागेला गिऱ्हाईकही आलं, तेही इसाऱ्याचे पैसे घेऊन. शेड विकायची, घर घ्यायचं, वर चार पैसे उरतील, मामांनी शेजारच्या शेडमध्ये भाड्यानं एक लेथ चालवायचा, असं सगळं आम्ही जुळवून दिलं. मामांनी गिऱ्हाइकाचा आकडा ऐकला आणि ते भडकले. "मी घेतली तवा ह्याच्या शंभरात एक वाटा दिला होता. जागा तीच, भिंती त्याच, पत्रे तर गळायला लागल्यात. मग ही फुगली कशानं? भाव गरम हाय. गार होऊ दे, मग खरं माप कळंल." मी म्हणालो, मामा, जमीन म्हणजे लोखंड नव्हे. ते म्हणाले, "जावईबापू, तुमी कॉम्प्युटरवाले. तुमी आयुष्यात कधी काय हातानं कापलंय?" मी खरंच काही कापलेलं नव्हतं. मामी म्हणाल्या, "बरं." दोन महिन्यांत कढीपत्त्याच्या झाडासकट ते घर दुसऱ्यानं घेतलं.

भाव काही गार झाला नाही. मेट्रो आली, तो आणखी तापला. दर दोन-तीन वर्षांनी नवं गिऱ्हाईक यायचं, आधीच्यापेक्षा मोठा आकडा सांगायचं आणि मामांकडून चहाऐवजी व्याख्यान घेऊन जायचं. मी तर दर दिवाळीला भांडायचो. एकदा लॅपटॉपवर तक्ता करून दाखवला की बघा, शेडचा भाव इतका वाढला, तसा राजाजीनगरच्या घरांचाही तितकाच वाढला, उलट जरा जास्तच. तुम्ही थांबताय त्यात मिळवत काहीच नाही. मामांनी चष्मा लावून तक्ता पाहिला आणि रकान्यांच्या रेघा सारख्या जाडीच्या नाहीत हे दाखवून दिलं. त्या दिवशी मी जेवण अर्धं टाकून उठलो. मामी जिना उतरून डबा घेऊन आल्या. त्यांना तेव्हा दोन मजले उतरायला गुडघा धरावा लागत होता, आणि ते बघून मला मामांचा जास्तच राग आला.

शेवटी दोन-अडीच वर्षांपूर्वी शेड विकावी लागली. भाव गार झाला म्हणून नव्हे. शेवटचा कारागीर गावी परतला, ऑर्डरी थांबल्या आणि मामांचा हात मायक्रोमीटर धरताना थरथरायला लागला. जागा बिल्डरनं घेतली. आकडा एवढा होता की मला तो ऐकून पाणी प्यावं लागलं. त्याच आठवड्यात भंगारवाला आला आणि दोन्ही लेथ वजनावर घेऊन गेला. मामा वजनकाट्यापाशी उभे होते. चाळीस वर्षं ज्यांनी घर चालवलं ते लेथ लोखंडाच्या भावानं गेले, आणि जिनं चाळीस वर्षं पडून राहण्यापलीकडे काही केलं नाही त्या जमिनीचे कोटी आले. मामा माझ्याकडे वळून म्हणाले, "राबला त्याचं भंगार झालं, झोपला त्याचं सोनं. आणि ह्याला लोक नफा म्हणत्यात." तेव्हा मला पहिल्यांदाच त्यांचा राग बरोबर वाटला होता, आणि ते कबूल करायची माझी तयारी नव्हती.

कराचं बघायला आम्ही चिकपेटेत एका सीएकडे गेलो. कापडाच्या दुकानांच्या वर, अरुंद जिना चढून ऑफिस. सीए म्हणजे तिशीतली एक हसतमुख मुलगी. तिनं कागद पाहिले आणि कन्नडमध्ये म्हणाली, "अंकल, भरपूर नफा झालाय तुम्हाला." मामा खुर्चीतून अर्धे उठले. नफा कशाला म्हणतात हे त्यांनी तिला ऐकवलं: शेडमध्ये लोखंडाचा कीस पडला, माल गेला, त्यातून मजुरी आणि वीजबिल जाऊन उरला तो नफा. या जागेत कीस कुठे पडला? जागेला मी काय केलं? रुपया आक्रसला त्याला मी काय करू? ती मुलगी न घाबरता म्हणाली, अगदी बरोबर. म्हणूनच कायद्यात एक सोय आहे. जागा घेतली तेव्हाची किंमत महागाईच्या प्रमाणात फुगवून आजच्या रुपयांत आणायची आणि मग ती विक्रीतून वजा करायची. उरेल तो खरा नफा.

मामा सावकाश खाली बसले. त्यांचा चेहरा असा काही उजळला की मी थक्क झालो. "म्हंजे जॉब आणि पट्टी एकाच गरमीला आणायची," ते मला म्हणाले. "बरोबर हाय. गरम जॉब मोजायचाच असंल तर पट्टी पण तेवढीच गरम पायजे. कायदा करणारा माणूस लेथवरचा असणार." त्यांनी सीएला पट्टी काढून दाखवली. ती पण बिचारी कौतुकानं बघत राहिली. मग तिनं पुढचं सांगितलं आणि घात केला. आता नियम बदललाय, ती म्हणाली. जुनी किंमत न फुगवता, आहे तशीच धरायची आणि दर कमी लावायचा, अशी दुसरी पद्धत आहे. तुमची जागा जुनी म्हणून दोन्हींनी काढून बघता येतं, आणि तुमचा कर दुसऱ्या पद्धतीनं कमी येतो. "म्हंजे गार पट्टीनं गरम जॉब?" मामा ओरडले. "हो, पण कर कमी येतो ना, अंकल." "कमी येतंय म्हणून चुकीचं माप घेऊ? मला पहिल्या पद्धतीनं भरायचाय. जास्त येऊ दे." तिनं त्यांना समजावलं की तसं करता येत नाही, जे कमी तेच लागू होतं. जास्त कर भरू देत नाहीत म्हणून ऑफिसात भांडणारा माणूस त्या मुलीनं त्याआधी पाहिला नसावा. शेजारच्या टेबलावरची दोन माणसं काम सोडून बघत होती.

आणि मग ती म्हणाली, एवढं कशाला, विक्रीचे पैसे दोन वर्षांच्या आत राहत्या घरात घाला, जेवढे घालाल त्या प्रमाणात करच माफ. माझा जीव भांड्यात पडला. मामींचं घर! सरकारसुद्धा म्हणतंय घ्या. मी मामांकडे पाहिलं. ते म्हणाले, "सरी. घर घेऊ. पण नीट बघून."

या 'नीट बघून'मध्ये बावीस महिने गेले. बँकेत पैसे ठेवून आम्ही दर रविवारी घरं बघत होतो. मामांच्या पिशवीत ओळंबा, गुण्या आणि स्पिरिट लेव्हल. घरात शिरलं की मामी स्वयंपाकघराकडे जात आणि मामा भिंतीकडे. एक भिंत ओळंब्यात नाही, एका खोलीचा कोन नव्वद नाही, एका फरशीचा उतार दाराकडे आहे. बंगळुरातल्या एकाही गवंड्यानं सरळ भिंत बांधलेली नाही हे त्यांनी पुराव्यानिशी सिद्ध केलं. दलालांनी आमचे फोन घेणं बंद केलं. आणि एखादं घर चुकून सरळ निघालंच, तर त्याची किंमत ऐकून मामा म्हणायचे, "गरम हाय. स्वल्प थांबू." मामी त्या घराच्या खिडकीतून बाहेर बघत म्हणायच्या, "बरं."

मुदतीला दोन महिने उरले. त्या रविवारी मामांनी सदतिसावं घर नाकारलं, आणि परतताना गाडीत माझा तोल सुटला. मी मामांना नाही नाही ते बोललो. तुम्हाला घर घ्यायचंच नाही. तुम्हाला तुमचं खरं करायचंय. तुमचं माप बरोबर ठरावं म्हणून त्या बाईनं बारा वर्षं जिना चढावा? मामा म्हणाले, "जावईबापू, तुमी आत्ता गरम—" आणि मागच्या सीटवरून मामी म्हणाल्या, "गाडी बाजूला घ्या."

मी त्यांचा असा आवाज कधी ऐकला नव्हता. मी गाडी थांबवली.

"अहो," मामी म्हणाल्या, "शेड कशी विकलीसा? गरम असतानाच न्हवं? मग घर गार कुठनं मिळंल? शेड आणि घर एकाच गावात हाईत. दोन्ही संगंच तापल्यात. ते विकायचं आणि हे घ्यायचं, ह्यात तुमचं कायबी वाढलं न्हाई आणि कायबी घटलं न्हाई. नफा नफा म्हणून लोक नाचत्यात आणि नफा न्हाई म्हणून तुमी नाचतासा. मला एवढं कळतंय की तुमची शेड होती आणि माझं घर न्हवतं. बारा वर्सं मी बरं म्हणलं. आता मी बरं म्हणणार न्हाई."

माझ्या तक्त्याला जे जमलं नव्हतं ते त्यांनी रस्त्याच्या कडेला दोन मिनिटांत सांगितलं होतं. मी गाडी पुन्हा सुरू केली. जिन्यापाशी मामी आधी उतरल्या आणि कठड्याला धरून एकेक पायरी चढायला लागल्या. मामा खालीच उभे राहिले आणि त्या वर पोचेपर्यंत बघत राहिले.

घर मामींनीच शोधलं. माझ्या बायकोला घेऊन त्या चार दिवस रिक्षानं फिरल्या आणि राजाजीनगरच्याच एका टोकाला तळमजल्यावरच्या तीन खोल्या पक्क्या केल्या. एका भिंतीला ओल, मोरीची फरशी खचलेली, पुढच्या दाराची चौकट एका बाजूला कललेली. पीण्याच्या जागेचे जवळजवळ सगळे पैसे त्या तीन खोल्यांना लागले. बारा वर्षांपूर्वी याहून चांगलं घर घेऊन वर चार पैसे उरले असते. हे मी मनात म्हटलं, मोठ्यानं म्हटलं नाही. मामा घर बघायला आले तेव्हा त्यांचा हात पिशवीत गेला, आणि मामींनी त्यांच्याकडे पाहिल्यावर रिकामाच बाहेर आला. कागद दोघांच्या नावानं झाले, मामींचं नाव पहिलं. सीएनं फोन करून सांगितलं की कर नावापुरताच बसेल. त्यावर मामा नुसतं "सरी" म्हणाले. ते चिडले नाहीत, त्यामुळे मलाच चुकल्याचुकल्यासारखं झालं.

गेल्या महिन्यात मी सहज तिकडे गेलो. सकाळचे अकरा वाजले होते. मामा पायरीवर बसून कानस चालवत होते. पुढच्या दाराची जुनी कडी गंजून तुटली होती, म्हणून ते पीण्यात एका ओळखीच्या शेडमध्ये जाऊन तासभर लेथ मागून घेऊन स्वतः आतून सरकवायचा एक पितळी बोल्ट कापून आले होते. चाळीस वर्षं शेड चालवली, पण घरासाठी त्यांनी एक खिळासुद्धा तिथे कधी केला नव्हता. शेडमध्ये घरचं काम करणं म्हणजे त्यांच्या लेखी चोरी. बोल्ट त्यांच्या नेहमीच्या कामासारखा झाला होता, केसाचा फरक नाही. आणि म्हणूनच तो त्या कललेल्या चौकटीत जात नव्हता. तर मामा त्या सरळ बोल्टची एक बाजू घासून वाकडी करत बसले होते. मधून मधून ते उठत, दाराला लावून बघत, पुन्हा बसत. मला बोलायला खूप होतं. बारा वर्षं मी त्याची तयारी केली होती. मी दार धरून उभा राहिलो.

चौथ्या खेपेला बोल्ट बसला. मामांनी हाक मारली, "अगं, बघ की जरा." मामी हात पुसत आल्या. त्यांनी आधी बोल्टकडे पाहिलं, मग मामांकडे. मग दार पुढे ओढलं आणि आतून बोल्ट सरकवला. खट्ट असा छोटा आवाज झाला. मामा आणि मी बाहेर पायरीवर. मामांच्या चपला आत.

दार काही उघडलं नाही. आतून पावलं ऐकू आली, सावकाश, एका खोलीतून दुसऱ्या खोलीत, मग तिसऱ्या. मग काहीच ऐकू येईना. ऊन पायरीवर आलं होतं. मी दार वाजवायला हात उचलला, तर मामांनी माझं मनगट धरलं. डोसा दोन मिनिटं उशिरा आला तर हॉटेल डोक्यावर घेणारा माणूस हळू आवाजात मला म्हणाला, "ऱ्हाऊ द्या, जावईबापू. उघडंल ती."

मग आम्ही दोघं तिथेच पायरीवर बसलो.